वापरलेल्या काचेच्या टाकीचे निर्जंतुकीकरण : काय ठरले, काय बाकी आहे

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात घरातला फिश टँक रिकामा पडायला एक कोरडा उन्हाळा पुरतो. मांजरा धरण याच तालुक्यात, धनेगावला आहे. २०१६च्या उन्हाळ्यात ते आटले आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांसाठी टँकरची वाट पाहणाऱ्या घरात माशांचे पाणी बदलणे परवडत नाही. मासे जातात, टाकी माळ्यावर चढते. काच मात्र नासत नाही. दोन-चार वर्षांनी ती टाकी कोणी विकत घेतो, कोणी तशीच मागून नेतो, आणि तिच्यात शहरातून आणलेले कासव किंवा विदेशी सरडा ठेवायचा बेत होतो.

अशी टाकी नव्या प्राण्यासाठी सुरक्षित कशी करायची, यावर सरपटणारे प्राणी पाळणारे, पशुवैद्य आणि सर्पोद्यानांत काम करणारे यांच्यात बरीच वर्षे मतभेद आहेत. ब्लीचवाले आहेत, ब्लीचला विरोध करणारे आहेत, कडक ऊन पुरे म्हणणारे आहेत, आणि टाकी फेकून द्या म्हणणारेही आहेत. आपल्याकडच्या परिस्थितीत यातले काय टिकते ते इथे पाहायचे आहे.

सल्ला आला कुठून

महाराष्ट्रात साप बंदिस्त ठेवण्याची परंपरा घरगुती नाही, संस्थांची आहे. परळच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषासाठी साप ठेवले गेले. पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली उभे राहिले. आपल्या बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सर्पराज्ञी हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र जखमी प्राण्यांवर उपचार करते. अशा ठिकाणी पिंजरा किंवा पेटी रिकामी झाली की धुऊन पुढच्या प्राण्यासाठी वापरणे हे नित्याचे काम असते, आणि एका प्राण्याचा रोग दुसऱ्याला जाऊ न देण्याची जबाबदारी तिथल्या माणसांवर असते.

घरात टाकी ठेवून कासव पाळण्याची हौस शहरांतल्या माशांच्या दुकानांनी पसरवली. त्या दुकानांतून विकले जाणारे लाल कानाचे छोटे कासव मूळचे अमेरिकेतले. त्याच्याबरोबर पाळण्याचे सल्लेही तिकडूनच आले. निर्जंतुकीकरणाच्या बहुतेक सूचना मुळात रुग्णालये आणि कुक्कुटपालन यांच्यासाठी तयार झाल्या, तिथून पशुवैद्यकात आणि मग सरपटणाऱ्या प्राण्यांकडे वळल्या. नळाला भरपूर मऊ पाणी आहे आणि घरातले तापमान वर्षभर सारखे आहे, हे त्यांत गृहीत धरलेले असते. बोअरचे जड पाणी, टँकर आणि मे महिन्यातले चाळीसच्या पुढचे ऊन त्यांत कुठेच नाही. वादाचा बराच भाग या तफावतीतून येतो असे मला वाटते.

आधी कायद्याचे

टाकीत कोण राहणार, हा प्रश्न धुण्याच्या आधीचा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार नाग, धामण, अजगर, घोरपड, स्टार कासव असे आपल्याकडचे प्राणी घरात पाळता येत नाहीत. मांडूळ, म्हणजे ज्याला लोक दुतोंड्या म्हणतात तो साप, गुप्तधनाच्या आणि पैशांच्या खुळ्या समजुतींपायी राज्यभर पकडला आणि विकला जातो. तो बाळगणे हाही गुन्हाच. कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू झाली. तिच्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतले विदेशी प्राणीही नोंदणीच्या कक्षेत आले. २०२४च्या नियमांनी ही नोंदणी ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करायची ठरवली. बॉल पायथन किंवा इग्वाना ज्याच्याकडे आहे त्याने नोंदणी केलेली असली पाहिजे. सर्पमित्राने पकडलेला साप टाकीत ठेवून सांभाळायचा नसतो, वन विभागाला कळवून लवकरात लवकर सोडायचा असतो. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक त्यासाठी वापरता येतो.

म्हणजे प्रस्तुत प्रश्न दोन जागी खरा ठरतो. एक, कायदेशीरपणे पाळलेल्या विदेशी प्राण्याच्या घरी. दुसरी, बचाव केंद्रात किंवा वन कार्यालयात, जिथे जप्त केलेले आणि जखमी प्राणी एकाच टाकीतून पाठोपाठ जातात. दुसऱ्या जागी चूक झाली तर किंमत जास्त मोजावी लागते, कारण तिथून बरा झालेला प्राणी रानात परत जातो आणि टाकीतला रोगही त्याच्याबरोबर रानात जाऊ शकतो.

काचेवर उरते काय

रोगजंतूंची कणखरता सारखी नसते, आणि सगळ्या मतभेदांचे मूळ इथे आहे. साल्मोनेला हा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या आतड्यातही असतो आणि विष्ठेवाटे सगळीकडे पसरतो, पण स्वच्छ काचेवर तो बहुतेक जंतुनाशकांना बळी पडतो. अजगर आणि बोआ जातीच्या सापांना मारणाऱ्या एका आजारामागे अरिना कुळातले विषाणू असल्याचे २०१२ साली उघड झाले. या विषाणूंना चरबीचे वेष्टण असते, ते फुटले की विषाणू निकामी होतो, म्हणून तोही फार चिवट नाही. दाढीवाल्या सरड्यांमध्ये आढळणाऱ्या अॅडेनोविषाणूला मात्र असे वेष्टण नाही. तो सौम्य जंतुनाशकांना दाद देत नाही.

सर्वांत चिवट आहे क्रिप्टोस्पोरिडियम. या एकपेशीय परजीवीची एक जात सापांच्या जठरात सूज आणते, दुसरी पालींना आणि सरड्यांना खंगवते. त्याची जाड कवचाची बीजे क्लोरीनलाही भीत नाहीत. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून याच कुळातला माणसाचा परजीवी पसरला आणि सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. ब्लीचने टाकी धुतली म्हणजे सगळे मेले, या समजुतीला याहून मोठे उत्तर नको.

शिवाय सापांचे गोचीडवजा बारीक किडे असतात, काळ्या मोहरीहून लहान. त्यांची अंडी सापाच्या अंगावर नसतात, टाकीच्या फटीत असतात. काच गुळगुळीत असते, पण काचा जोडणारे सिलिकॉन, वरची प्लॅस्टिकची पट्टी आणि झाकणाची जाळी यांत फटीच फटी. जुन्या टाकीत सिलिकॉन सुटलेले, काळे पडलेले असेल तर ते पात्याने खरवडून नवे भरणे हाच उपाय. त्यावर दुमत आढळत नाही.

सर्वांना मान्य असलेली पायरी

जंतुनाशक कोणते यावर वाद असला तरी त्याआधी घासणे आवश्यक आहे, हे सगळेच मानतात. वाळलेली विष्ठा, कात, शेवाळ, अन्नाचे कण यांच्याशी क्लोरीनची आधी प्रक्रिया होते आणि जंतूंपर्यंत ते पोहोचण्याआधीच संपते. इतर बहुतेक जंतुनाशकेही घाणीपुढे दुबळी पडतात. म्हणून कोरडी घाण आधी खरवडून काढायची, मग साबणाच्या कोमट पाण्याने घासायची, कोपऱ्यांना जुना टूथब्रश लावायचा आणि साबण पूर्ण धुऊन टाकायचा. उकळते पाणी एकदम ओतले तर साधी काच तडकते.

आपल्याकडे यात एका पायरीची भर घालावी लागते. जड पाण्याचा पांढरा थर काचेवर वर्षानुवर्षे साचलेला असतो आणि त्याच्या खरखरीत जागेत घाण अडकते. व्हिनेगर किंवा लिंबूसत्व पाण्यात विरघळवून तो मऊ करता येतो. पण हे आम्ल पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ब्लीच लावू नये. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. संडास साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रावणाने टाकी घासून लगेच ब्लीच ओतणे जिवावर बेतू शकते.

टाकीतले जुने लाकूड, नारळाचा काथ्या, वाळू, सच्छिद्र दगड यांच्याबाबत थोडा मतभेद आहे. काही जण लाकूड उकळून किंवा तापवून पुन्हा वापरतात. पण सच्छिद्र वस्तूच्या आत औषध किती शिरले ते कळत नाही, आणि आधीच्या प्राण्याचा इतिहास ठाऊक नसेल तर या स्वस्त वस्तू टाकून देणे शहाणपणाचे.

ब्लीच आणि टीसीएल

ब्लीचच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे वजनदार आहे. ते स्वस्त आहे, सगळीकडे मिळते, जिवाणू, बुरशी आणि बहुतेक विषाणू मारते आणि नीट धुतले तर मागे फारसे काही ठेवत नाही. बाजारातल्या द्रव ब्लीचमध्ये साधारण ४ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेतले की सुमारे अर्ध्या टक्क्याचे द्रावण होते. काही पशुवैद्य एकास तीस इतके पातळ द्रावण पुरे मानतात. दोन्हींत अट एकच: काच किमान १० मिनिटे ओली राहिली पाहिजे.

गावात द्रव ब्लीचपेक्षा टीसीएल पावडर ओळखीची आहे. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत पडते तीच. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असते, म्हणून लिटरला १५ ग्रॅम घेतले तर अर्ध्या टक्क्याचे द्रावण मिळते. पण ही पावडर दमट हवेत आणि उघड्या पोत्यात लवकर मरते. क्लोरीन २० टक्क्यांवर उतरले तर तेवढ्याच ताकदीसाठी २५ ग्रॅम लागतात. जुन्या पोत्यातली पावडर मोजून घालणारा माणूस फसतो तो इथे. शिवाय तळाशी चुन्याचा गाळ बसतो. तो निवळू द्यावा आणि वरचे पाणी वापरावे, नाहीतर काचेवर पुन्हा पांढरा थर.

विरोधकांचे आक्षेपही खरे आहेत. ब्लीचचा वास सरपटणाऱ्या प्राण्यांच्या फुफ्फुसांना त्रासदायक असतो, त्याने धातूची जाळी गंजते, आणि धुवायला पाणी खूप लागते. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. ती तीनदा भरून ओतायची म्हणजे दीडशे लिटरच्या वर. एवढे पाणी टंचाईच्या दिवसांत या कामाला कोणी देणार नाही, देऊही नये. टाकी भरण्याची गरजही नाही. दोन-तीन लिटर द्रावण फवारून काच ओली ठेवता येते आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतून, फडक्याने पुसून धुता येते. मत्स्यपालनाच्या दुकानात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात. ते शेवटच्या पाण्यात घातले तर आणखी पाणी वाचते. मात्र फवारणीसाठी शेतातला पंप घेऊ नये. सोयाबीनवर किंवा कापसावर मारलेल्या कीटकनाशकाचा अंश पंपात राहतो आणि तो लहान सरड्याला मारायला पुरतो. सापाच्या किड्यांवर शेतीचे औषध मारण्याचा प्रकारही याच कारणाने घातक.

बाकीची औषधे

दुसरा पक्ष चतुर्थक अमोनियम क्षार आणि क्लोरहेक्सिडीन यांचा. यांना उग्र वास नाही, धातू गंजत नाही, प्राणी असलेल्या खोलीत वापरणे सोपे जाते. परदेशी पशुवैद्यांत याच दोन गटांची मिश्रणे लोकप्रिय आहेत. रोजच्या स्वच्छतेसाठी ती ब्लीचपेक्षा सोयीची, हे मान्य करावे लागते. पण वेष्टण नसलेले विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम यांच्यापुढे ती कमी पडतात. जड पाण्यात चतुर्थक अमोनियमची ताकद घटते, ही गोष्ट मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यासाठी महत्त्वाची आहे. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी वापरले तर हा दोष टळतो.

फिनाइल आणि डेटॉलसारखी द्रावणे घरोघरी असतात, म्हणून सर्वांत आधी हात त्यांच्याकडे जातो. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असते. फिनॉल कुळातल्या या पदार्थांचा अंश सरपटणाऱ्या प्राण्यांना बाधतो, त्यामुळे त्यांच्या टाकीसाठी ती टाळावीत असे जवळजवळ सर्वच पशुवैद्य सांगतात. कोंबड्यांच्या शेडसाठी मिळणारी ग्लुटाराल्डिहाइडयुक्त औषधे जोरदार आहेत, पण त्यांच्या वाफा डोळ्यांना आणि श्वासाला लागतात. घरातल्या कामासाठी ती योग्य नाहीत.

नैसर्गिक उपाय मानणाऱ्यांचा कल व्हिनेगरकडे. क्षार काढायला ते उत्तमच, पण जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइड या वादात मागून आले, आणि माझ्या मते त्याला मिळते त्याहून जास्त लक्ष मिळायला हवे. माणसातल्या क्रिप्टोस्पोरिडियमचा प्रादुर्भाव झाल्यावर पृष्ठभाग ३ टक्के पेरॉक्साइडने २० मिनिटे ओले ठेवावेत, असा सल्ला अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था देते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ‘२० व्हॉल्यूम’ म्हणून मिळणारे द्रावण सुमारे ६ टक्क्यांचे असते. समभाग पाणी घातले की ३ टक्क्यांचे होते. त्याचे विघटन होऊन पाणी आणि प्राणवायूच उरतो, म्हणून धुवायला पाणी कमी लागते. सापांना आणि पालींना होणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमच्या जातींवर ते तितकेच चालते का, हे मात्र अजून ठामपणे सांगता येत नाही.

ऊन

‘दोन दिवस उन्हात टाका, सगळे मरते’ हा सल्ला गावात सहज मिळतो. त्यात तथ्य आहे आणि अपुरेपणाही. क्रिप्टोस्पोरिडियमला क्लोरीन मारत नसले तरी कोरडेपणा मारतो. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत त्याची बीजे काही तास पूर्ण सुकल्यावर निकामी झालेली आढळली आहेत, आणि ७० अंशांच्या पुढची उष्णता ती झटपट संपवते. बीडचा एप्रिल-मे सुकवण्यासाठी फार चांगला. अडचण ही की विष्ठेच्या आत किंवा सिलिकॉनच्या फटीत ओल टिकून राहते, आणि ऊन तिथवर पोहोचत नाही. जंतू मारणारा अतिनील किरणांचा भाग काच बराचसा अडवते, म्हणून टाकी पालथी ठेवली तर त्या किरणांचा फायदा मिळत नाही. उघडे तोंड सूर्याकडे करून, दिवसातून दोन-तीनदा बाजू फिरवावी.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ब्लीच उन्हात लावू नये. ऊन हायपोक्लोराइट लवकर नासवते, आणि चाळीस अंशांत काच १० मिनिटे ओली राहतही नाही. औषध सावलीत, वाळवण उन्हात, हा क्रम मराठवाड्यात पाळलाच पाहिजे.

वाफेच्या यंत्राचा वापर केंद्रांमध्ये वाढतो आहे. पाणी कमी लागते, औषधाचा अंश राहत नाही. मात्र गार काचेवर एका जागी वाफ धरली तर ती तडकते, आणि फटीत पुरेशी उष्णता गेली का ते मोजता येत नाही.

धुणाऱ्या माणसाचे आरोग्य

टाकीच्या चर्चेत हा भाग बहुधा शेवटी येतो, म्हणून तो राहून जातो. कासवांपासून मुलांना होणाऱ्या साल्मोनेलाच्या आजारामुळे अमेरिकेने १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बायका, म्हातारी माणसे आणि आधीच आजारी असलेले यांनी हे काम करू नये. टाकी स्वयंपाकघरात, भांडी घासायच्या मोरीत, पाण्याच्या हौदाजवळ किंवा बोअरच्या ओट्यावर धुऊ नये. हातमोजे घालावेत, ब्रश आणि फडके त्या कामापुरतेच ठेवावे, आणि धुण्याचे पाणी गुरांच्या पिण्याच्या जागेपासून दूर जाऊ द्यावे.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न रिकाम्या काळाचा. सापाचे किडे यजमानाशिवाय काही आठवडे तग धरतात, म्हणून काही जण धुतल्यावरही टाकी महिना-दीड महिना कोरडी ठेवायला सांगतात. दुसरे म्हणतात, फटी नीट साफ केल्या आणि सिलिकॉन बदलले तर आठवडा पुरे. घरी पाळणाऱ्याला थांबणे शक्य असते, बचाव केंद्राला नसते.

दुसरा प्रश्न पुढच्या स्वच्छतेचा. एका विचारानुसार टाकी वारंवार पूर्ण निर्जंतुक करावी. दुसऱ्या विचारानुसार माती, पालापाचोळा आणि त्यातले उपयुक्त किडे-जिवाणू मिळून टाकी स्वतःच संतुलित राहते, आणि दर आठवड्याला सगळा वास पुसला तर साप अस्वस्थ होतो. वापरलेली टाकी नव्या प्राण्यासाठी घेताना पहिल्यांदा पूर्ण निर्जंतुक करावी, यावर दोघेही सहमत आहेत. मतभेद त्यानंतरच्या वागणुकीचा.

तिसरा प्रश्न आपला स्वतःचा आहे. टीसीएलची बदलती ताकद, जड पाणी आणि आपला उन्हाळा धरून कोणते द्रावण किती मिनिटांत काम करते, हे तपासणे फार खर्चाचे काम नाही. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय अगदी योग्य आकाराचा आहे, आणि त्याचा उपयोग बचाव केंद्रांना लगेच होईल.

निष्कर्ष

आज उपलब्ध माहितीवरून माझा कौल असा: टाकी फक्त माशांची असेल, तर घासणे, क्षार काढणे, सावलीत ब्लीच किंवा निवळलेल्या टीसीएलचे द्रावण १० मिनिटे, स्वच्छ धुणे आणि उघड्या तोंडाने काही दिवस उन्हात वाळवणे एवढे पुरेसे आहे. आधी सरपटणारा प्राणी राहिलेला असेल, तर सिलिकॉन बदलावे, धुतलेली काच शेवटी ३ टक्के पेरॉक्साइडने २० मिनिटे ओली ठेवावी आणि टाकी महिनाभर कोरडी ठेवावी. ब्लीच आणि पेरॉक्साइड एकमेकांत मिसळू नयेत, एक पूर्ण धुतल्यावरच दुसरे. आधीचा प्राणी खंगून मेला असेल किंवा क्रिप्टोस्पोरिडियमचे निदान झाले असेल, तर ती टाकी दुसऱ्या सरपटणाऱ्या प्राण्याला देऊ नये. तिच्यात रोपे लावावीत.

टाकी विकणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना एक विनंती. काचेवर एक चिठ्ठी चिकटवून द्या: तिच्यात कोणता प्राणी होता, किती काळ होता, कशाने मेला आणि टाकी केव्हापासून रिकामी आहे. कोणतेही जंतुनाशक निवडण्याआधी घेणाऱ्याला या चार ओळी लागतात.